नडगीचे वेळापत्रक

गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या पायाची पुढची हाडकुळी बाजू म्हणजे नडगी आणि मागची मांसल बाजू म्हणजे पोटरी. नव्याने धावू लागलेल्या माणसाचे दुखणे बहुतेक वेळा या दोहोंच्या सीमेवर, म्हणजे नडगीच्या मोठ्या हाडाची आतली कड पोटरीला जिथे भिडते तिथे, घोट्याच्या जरा वरून सुरू होऊन वीतभर लांबीच्या पट्ट्यात पसरते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींमध्ये त्याला ‘शिन पेन’ हेच नाव रूढ आहे. वैद्यकशास्त्र त्याला ‘मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम’ म्हणते. टिबिया म्हणजे नडगीचे हाड, मेडियल म्हणजे आतल्या बाजूचे आणि सिंड्रोम म्हणजे एकत्र दिसणाऱ्या लक्षणांचा समूह. या नावात दुखण्याची जागा आहे आणि ताणाचा उल्लेख आहे, पण नेमके काय दुखते याचा उल्लेख नाही, आणि तो नसणे प्रामाणिकपणाचे आहे, कारण हाडावरचे पातळ आवरण, त्याला चिकटलेल्या पोटरीच्या खोल स्नायूंची ओढ आणि खुद्द हाड यांपैकी मूळ दोषी कोण याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

हे धावणे कोणत्या जमिनीवर होते, याचे उदाहरण म्हणून पाली घेऊ: हे मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील, उत्तन आणि चौक यांच्या शेजारचे किनाऱ्यावरचे गाव. डोलीच्या जाळ्यांत सापडलेले बोंबील वलांडीवर वाळत घालणाऱ्या या पट्ट्यात भरती म्हटले की आधी समुद्राची आठवते, मग पोलिसांची. अशा किनारी गावात धावणाऱ्याला जमीन निवडण्याची मुभा दिसते त्यापेक्षा कमी असते. कोरडी वाळू मऊ असल्याने पायाला सुखावह वाटते, परंतु तीत टाच रुतते आणि पाऊल पुढे ढकलण्यासाठी पोटरीला दुप्पट मेहनत पडल्यासारखे होते. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली वाळू घट्ट असते, मात्र ती समुद्राकडे उतरती असल्याने एका दिशेने धावताना समुद्राकडचा पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि चढाकडच्या पायाचे पाऊल आत कलते. म्हणून जेवढे अंतर जाताना तेवढेच त्याच पट्टीवरून परतताना धावले, तर निदान हा भार दोन्ही पायांत वाटला जातो. डांबरी रस्त्यालाही पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतार दिलेला असतो, आणि वाहनांच्या भीतीने धावणारा नेमका त्याच कडेने धावतो. चौकच्या बाजूला, जिथे चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतलेला धारावी किल्ला होता, तिकडे चढउतारही आहेत, आणि दुखऱ्या नडगीला चढापेक्षा उतार अधिक जाचतो.

तरीही जमिनीला दोष देऊन प्रश्न सुटत नाही, कारण तीच जमीन, तेच बूट आणि तोच माणूस असताना दुखणे पहिल्या आठवड्यात नसते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असते, आणि या उशिरामागचे कारण हाडाच्या घडणीत आहे. हाड ही जिवंत, सतत मोडून बांधली जाणारी रचना आहे. तिच्यावरील भार बदलला की तिची घडणही बदलते, हा सिद्धांत जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. मात्र या फेरबांधणीचा क्रम धावणाऱ्याच्या सोयीचा नसतो. प्रथम हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे अस्थिभक्षक पेशी, ताण पडलेल्या जागी सूक्ष्म बोगदे कोरतात आणि त्यात सुमारे तीन आठवडे जातात. नंतर हाड बांधणाऱ्या अस्थिजनक पेशी ते बोगदे भरू लागतात, आणि त्या कामाला तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे मजबूत होण्याच्या वाटेवर हाड काही काळ आधीपेक्षा पोकळ असते. नेमक्या याच काळात दम मात्र टिकू लागलेला असतो, कारण हृदय, रक्ताभिसरण आणि स्नायू काही आठवड्यांतच सरावतात, आणि उत्साहाने अंतर वाढवणारा माणूस सर्वांत कच्च्या हाडावर सर्वांत जास्त भार टाकतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दुखणे असलेल्या खेळाडूंच्या नडगीच्या हाडाची घनता दुखऱ्या भागात निरोगी व्यक्तींपेक्षा सुमारे १५ टक्के कमी आढळली, आणि दुखणे बरे झाल्यावर ती पूर्ववत झाल्याचे त्याच संशोधकांनी पुढे नोंदवले. हाडाला दोषमुक्त मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे वाटावे.

भाराचे गणित साधे आहे. मिनिटाला १६० ते १७० पावले धरली, तर अर्ध्या तासात सुमारे ५,००० पावले पडतात, म्हणजे प्रत्येक पायावर अडीच हजार, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून पायात येतो, ज्याने नडगीचे हाड धनुष्यासारखे किंचित वाकते.

भाराने हाड दुखावण्याची अशी दुखणी सैन्याने आधी ओळखली, हे स्वाभाविकच होते. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच केलेल्या सैनिकांच्या पायांची सूज व वेदना नोंदवली, जिचे मूळ पावलाच्या हाडांना पडणाऱ्या बारीक भेगांत असल्याचे क्ष-किरणांच्या शोधानंतर उघड झाले. नौदलाच्या रंगरूटांवरील २००४ च्या अभ्यासात १० आठवड्यांच्या मूलभूत प्रशिक्षणात सुमारे एक तृतीयांश जणांना नडगीचे दुखणे झाले, आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक होते. महाराष्ट्रात रंगरूटाची ही स्थिती नोकरी लागण्याच्या आधीच येते. शिपाईपदाच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावे लागते, त्याखेरीज १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. १ ऑक्टोबर २०२० पासून या भागाला मिरा-भाईंदर, वसई-विरार असे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले, तेव्हा पालीसारख्या गावातील उमेदवारासाठी भरतीचे मैदान जवळ आले. परंतु जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसल्याने अभ्यासिकेत बसलेली मुले ती निघाल्यावर एकदम सकाळ-संध्याकाळ धावू लागतात, आणि हाडाचे तीन महिन्यांचे काम सहा आठवड्यांत उरकू पाहतात. यात मुलांच्या आळसापेक्षा वेळापत्रकाचा दोष मोठा आहे.

दुखणे सुरू झाल्यावर पहिले काम म्हणजे ते नेमके कोणते हे पाहणे, आणि त्यासाठी अंगठा हे पुरेसे साधन आहे. हाडाच्या आतल्या कडेवर घोट्याकडून गुडघ्याकडे अंगठा दाबत नेला असता पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धावण्याच्या सुरुवातीला वेदना होऊन अंग तापल्यावर कमी होत असेल आणि थांबल्यावर पुन्हा जाणवत असेल, तर ते बहुधा वर वर्णिलेलेच दुखणे असते. याउलट रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ उठत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर हाडाला ताणाने भेग पडल्याची शंका घ्यावी लागते. अशी भेग सुरुवातीच्या आठवड्यांत क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या शब्दांवर विसंबून धावणे धोक्याचे ठरते आणि एमआरआय तपासणीची गरज पडू शकते. नडगीच्या पुढच्या कडेवरची भेग विशेष हट्टी असते. धावताना पाय फुगल्यासारखा घट्ट होऊन पावलाला मुंग्या येत असतील आणि थांबताच काही मिनिटांत सारे ओसरत असेल, तर प्रकार तिसराच असतो: स्नायूंच्या बंद कप्प्यातील दाब वाढलेला असतो.

घरोघरी होणारे उपचार, म्हणजे तेल लावून जोरात चोळणे, आंबेहळदीचा लेप, करकचून बांधलेला पट्टा, यांनी वेदना काही वेळ दबते; बर्फही तेवढेच करतो. दुखऱ्या हाडाच्या कडेवर जोराने रगडणे तर टाळलेलेच बरे, कारण चिडलेले आवरण त्याने शांत होत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन मैदानावर जाणे याहून वाईट, कारण शरीर देत असलेली एकमेव सूचना त्यात झाकली जाते.

ज्याचा उपयोग होतो ते काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते फारसे कोणी करत नाही. चालतानाही दुखत असेल तर ते थांबेपर्यंत धावणे बंद ठेवून पोहणे किंवा सायकल यांवर दम राखता येतो. नंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा पाळीने, तेही एक दिवसाआड, पुन्हा सुरुवात करता येते. दिवसाआडच्या विश्रांतीला आधार आहे: प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की हाडाच्या पेशी काही डझन आघातांनंतर नव्या आघातांना जवळजवळ दाद देईनाशा होतात आणि त्यांची संवेदनक्षमता काही तासांच्या विसाव्यानंतरच परतते, म्हणजे सलग तासभर धावल्याने हाड तासभर शिकत नसते, झिजत मात्र असते. त्याच जोडीला पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम, एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, करावा लागतो, कारण गुडघा वाकवल्यावर पोटरीतील सोलियस हा खोलचा स्नायू कामाला लागतो, आणि थकलेला सोलियस हाडाचे वाकणे आवरू शकत नाही. लांब ढांग टाकणाऱ्याने वेग तोच ठेवून मिनिटाची पावले ५ ते १० टक्क्यांनी वाढवली, तर पाऊल शरीराच्या जवळ पडते आणि नडगीवरचा भार घटतो. पोटभर न खाता वजन उतरवण्यासाठी धावणाऱ्यांचे, विशेषतः पाळी अनियमित झालेल्या मुलींचे, हाड मात्र या कोणत्याही उपायाने भरत नाही. तिथे आहाराकडे आणि वैद्याकडे आधी वळावे लागते.

वाढीचे मोजमाप धावतानाच्या वेदनेवरून करणे फसवे असते, कारण तापलेला पाय खोटे बोलतो. खरे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, त्याच कडेवर अंगठा दाबल्यावर मिळते: कालच्याइतकेच किंवा कमी दुखले तर एकूण अंतर तेच ठेवून पुढच्या पाळीत धावण्याचे एक मिनिट वाढवायचे, जास्त दुखले तर मागच्या पायरीवर यायचे, आणि मैदानावरच्या १६०० मीटरची घड्याळ लावून पहिली चाचणी सलग दोन आठवडे अंगठ्याखाली काही न दुखल्यावरच घ्यायची.