पोर्शन कधी संपणार?

"सर, पोर्शन कधी संपणार?" वीस वर्षे हा प्रश्न ऐकतो आहे. खरे सांगायचे तर मुलांना तो आम्हीच शिकवला. गेल्या चातुर्मासात मी ज्ञानेश्वरी वाचली, तीही रोजच्या ओव्या मोजून! समाप्तीला पेढे वाटले. आठवड्याने सौ.ने सहज एका ओवीचा अर्थ विचारला, आणि मला खोकला आला.

पुढे ज्यू लोकांच्या तालमुदाविषयी वाचनात आले. १९२३ साली व्हिएन्नाच्या परिषदेत मेईर शापिरो या रब्बींनी सुचवले, की जगभरच्या ज्यूंनी रोज तेच एक पान वाचावे. पाने २,७११, म्हणजे सुमारे साडेसात वर्षे! जमेल तेथे जोडीने बसायचे, मोठ्याने वाचायचे, हुज्जत घालायची. २०२० च्या जानेवारीत तेरावे आवर्तन संपले, उत्सव झाला, आणि लगेच चौदावे सुरू! एकेक भाग संपला, की त्या भागालाच ते पुन्हा येण्याचे वचन देतात. गंमत म्हणजे रूढ छापील प्रतींत बहुतेक भाग दुसऱ्या पानापासून सुरू होतात. पहिले पान नाहीच! आपण अजून पहिल्या पानापर्यंतही पोचलेलो नाही, असा त्याचा अर्थ काही जाणते लावतात.

काल रात्री सौ.ने विचारलेली ती ओवी पुन्हा काढली. अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघे भांडलो. पुढची ओवी राहिलीच.