पाणी असूनही तापणारे यंत्र
(बी. ए. द्वितीय वर्ष)

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्राविषयी लिहिण्याचा मला अधिकार तो काय? पण गेल्या मे महिन्यात एका यंत्राने आमच्या घरातील सर्वांना कामाला लावले, त्याची ही हकीकत.

कोराडीत माझ्या मामेभावाचे लहानसे दुकान आहे. मुले तासाचे पैसे देऊन तेथे संगणकावर खेळ खेळतात. त्यातला मोठा संगणक त्याने मामीच्या बचत गटातून कर्ज काढून जुना घेतलेला. तो पाण्याने थंड होणारा. पण खेळ सुरू होऊन दहा मिनिटे झाली की चित्र अडखळू लागे आणि मुले उठून जात. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, “ग्राफिक्स कार्ड गेले, नवे घ्या.” किंमत तीस हजार! इकडे कर्जाचे दोन हप्ते थकलेले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ‘तू शिकलेला, तू पाहा’ असा हुकूम झाला. मी गोंधळलो. बाबा वीज केंद्रात कंत्राटी कामगार आहेत. त्यांनी सारे ऐकून एवढेच विचारले, “पाणी गरम हाये का थंड, थे सांग आधी.”

या प्रश्नातच सारे उत्तर होते. कोराडीचे वीज केंद्र १९७४ पासून चालू आहे. आज तेथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. कोळशाच्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक उष्णतेची वीज होत नाही. तिच्यातली बरीचशी पाण्याने वाहून न्यावी लागते, आणि त्यासाठी नागपूर शहराचे शुद्ध केलेले सांडपाणीही वापरतात. संघनकाच्या नळ्यांत क्षार साचले की पाणी असूनही उष्णता त्यात उतरत नाही.

संगणकातही हेच चालते. ग्राफिक्स कार्डाने घेतलेली दोनशे-अडीचशे वॉट वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चिपवर तांब्याचा ठोकळा असतो आणि त्याच्या आत बारीक खाचा. पंप त्यातून पाणी फिरवतो, ते रेडिएटरमध्ये जाते आणि पंखे त्याची उष्णता हवेत सोडतात. ही साखळी कोठेही अडली की चिप तापते. मग स्वतःला वाचवण्यासाठी ती आपला वेग कमी करते, निवल्यावर पुन्हा वाढवते. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील, तर प्रत्येक चित्र सुमारे सतरा सहस्रांश सेकंदात तयार व्हावे लागते. हा ताल चुकला की डोळ्यांना अडखळणे जाणवते.

म्हणून आधी मोजावे. चिप तापलेली नसताना चित्र अडखळत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. चिप आणि पाणी दोन्ही तापलेली असतील, तर रेडिएटरमधली धूळ, पंखे किंवा खोलीची हवा पाहावी. आपला घरचा कूलर पाणी उडवून हवेपेक्षा थंड वारा देतो. पण बंद नळ्यांतले पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. आणि चिप तापलेली, पाणी मात्र कोमट असेल, तर अडथळा ठोकळ्यात, पंपात किंवा चिपवरील लेपात आहे असे समजावे.

आम्ही मोजले. खोली ३८ अंश, पाणी ४३, चिप ९२! म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नव्हती. मामेभावाला विचारले, तेव्हा त्याने कबूल केले की पाणी कमी झाले म्हणून त्याने बोअरचे पाणी ओतले होते.

वीज तोडून पाणी काढले, ठोकळा उघडला. खाचांत पांढरट थर! पातळ व्हिनेगर आणि मऊ ब्रश यांनी तो काढला, ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला, चिपवर नवा लेप लावला. नळ्यांत पुन्हा ऊर्ध्वपातित पाणी आणि गंज व शेवाळ रोखणारे द्रावण भरले. नंतर फक्त पंपाला वीज देऊन, पेटी हळूहळू कलवून अडकलेली हवा काढली. सांध्यांखाली कागद ठेवून गळती नाही ना, हे एक दिवस पाहिले. मगच संगणक सुरू केला.

आता चिप ६४ अंशांवर थांबली. गंमत अशी की पाणी आधीपेक्षा तापले, ४८ अंश झाले! मामेभाऊ घाबरला, पण तीच खरी शुभवार्ता होती. उष्णता आता पाण्यात उतरत होती.

सारा खर्च हजार रुपयांच्या आत भागला. दुकानात आता ऊर्ध्वपातित पाण्याचा डबा आहे आणि त्यावर चिठ्ठी आहे, ‘बोअरचे पाणी टाकू नये’. ‘उष्णतेचे वहन’ मी शाळेत गुणांसाठी पाठ केले होते. ते समजले मात्र बाबांच्या प्रश्नाने. पाळी संपवून ते त्या दिवशी दुकानात आले, नळीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आता फिरते.”