बांडगुळांची वाटणी

कोकणातला बागायतदार आंब्यावरचं बांडगूळ कोयत्याने तोडतो, तेव्हा ते कुठल्या कुळातलं हा प्रश्न त्याला पडत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांना मात्र तो शंभरेक वर्षं छळत होता. आंब्यावरचं डेंड्रोप्थी आणि पानं नसलेली, सांध्यासांध्यांची विस्कम ही दोन्ही परोपजीवी झुडपं. दोघांची फळं चिकट, दोघांच्या बिया फांदीवर चिकटवणारे फुलटोचेही तेच. वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लरने दोघांना एकाच लोरँथेसी कुळात, दोन उपकुळांत बसवलं होतं.

त्यांच्या फुलांच्या आत काय चाललंय याकडे विल्यम ग्रिफिथने भारतात असतानाच, 1845 मध्ये अकाली मृत्यू येण्यापूर्वी, डोकावून पाहिलं होतं. पुढे 1880च्या दशकात जावामध्ये ट्रॉइबने तेच केलं. पण कुळांच्या वादात या निरीक्षणांचा खरा उपयोग झाला तो पंचानन माहेश्वरी 1949 मध्ये ढाक्याहून दिल्ली विद्यापीठात आल्यानंतर. कळ्या, फुलं, कोवळी फळं मेणात बसवायची, मायक्रोटोमवर पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि एकेक काप पाहत बसायचं, असं तिथलं भ्रूणविज्ञानाचं काम. कंटाळवाणं वाटेल, पण बांडगुळांनी त्याचं चीज केलं.

डेंड्रोप्थी ज्यात येतं त्या लोरँथस गटात भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी असलेला कोश, अंडाशयात थांबतच नाही. एकाच फुलातले अनेक भ्रूणकोश कुक्षिवृंतातून, म्हणजे अंडाशयावरच्या दांड्यातून, वर चढतात. दक्षिण आफ्रिकेतल्या मोक्विनिएल्ला रुब्रामध्ये तर ते थेट त्याच्या टोकाच्या कुक्षीपर्यंत, सुमारे 48 मिलिमीटर जातात. फलन वरच होतं. मग एक लांबलचक दांडी वाढून भ्रूणाला खाली, त्याच्या अन्नसाठ्यात ढकलत आणते. फलित अंड्याची पहिली विभागणीही उभी. विस्कममध्ये हा खटाटोप काहीच नाही. भ्रूणकोश खालीच राहतो, तो घडतो वेगळ्या तऱ्हेने आणि पहिली विभागणी होते आडवी. परागकणसुद्धा तिकडे तीन कोपऱ्यांचे, इकडे गोल.

1957 मध्ये माहेश्वरी, जोहरी आणि दीक्षित यांनी लोरँथस गटाच्या भ्रूणविज्ञानाचा एकत्र आढावा घेतला, आणि 1962 मध्ये दीक्षितांनी दोन्ही उपकुळांच्या दर्जाचाच प्रश्न हाती घेतला. वनस्पतिशास्त्रज्ञ मायर्सने 1851 मध्ये सुचवलेल्या या दोन कुळांच्या फारकतीला आता भक्कम आधार मिळाला. माझ्या मते या पद्धतीची ताकद इथे दिसते: चिकट फळ, फांदीवरचं बिऱ्हाड या गोष्टी गरजेपोटी सारख्या होऊ शकतात, पण फुलाच्या पोटातल्या इतक्या साऱ्या पायऱ्या एकदम जुळणं किंवा एकदम बिनसणं योगायोगाने होणं कठीण.

तरी ही कसोटी अचूक नाही. शिंगाड्याला भ्रूणकोशावरून स्वतंत्र कुळ मिळालं होतं. डीएनएने त्याला मेंदीच्या कुळात नेऊन बसवलं. बांडगुळांची वाटणी मात्र डीएनएतही टिकली. विस्कम तर चंदनाच्या इतकं जवळचं निघालं, की डीएनएवर आधारलेल्या एपीजी वर्गीकरणात ते चंदनाच्याच कुळात आहे. काही अभ्यासक त्याचं वेगळं कुळ अजूनही सोडायला तयार नाहीत.