सोलायचं कुणी?

दक्षिण लुईझियानात, ब्रो ब्रिज किंवा लाफायेटच्या आसपास, वसंतात क्रॉफिश उकडून देणाऱ्या साध्या केजन रेस्तराँमध्ये जेवणाला ताट नसतं, काटा-सुरी नसते. (केजन म्हणजे 1755पासून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हुसकावलेल्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांचे वंशज.) टेबलावर बहुधा कागद अंथरलेला, हात पुसायला कागदाची गुंडाळी, आणि समोर ट्रेमध्ये लालभडक क्रॉफिशचा ढीग. त्यातच मक्याची कणसं आणि बटाटे. क्रॉफिश म्हणजे लॉब्स्टरच्या घाटाचा, पण बोटाएवढा, गोड्या पाण्यात राहणारा जीव. हा सगळा थाट पाहून इथे पाककलेपेक्षा मौजच जास्त, असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. इथे काम दोघांत वाटलेलं आहे. आग आणि वेळ सांभाळायचं काम स्वयंपाकघराचं, सोलायचं काम खाणाऱ्याचं. ही वाटणी विचारपूर्वक टिकवण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे अन्नामागचे कष्ट झाकले जात नाहीत.

स्वयंपाकघराचा वाटा दिसतो तेवढा सोपा नाही. जिवंत क्रॉफिशची पोती धुवायची, मेलेले वेचून टाकायचे, मग मीठ, लाल तिखट, लिंबू, कांदा, लसूण, तमालपत्र घातलेल्या खळखळत्या पाण्यात ते सोडायचे. पाण्याला पुन्हा उकळी आली की काही मिनिटांतच आच बंद. खरी चव यानंतर येते. क्रॉफिश त्याच पाण्यात पंधरा मिनिटं ते अर्धा तास मुरत ठेवतात. काही जण बर्फ किंवा गोठवलेला मका टाकून पाण्याची उष्णता उतरवतात, म्हणजे शिजणं थांबतं पण मसाला आत जात राहतो. तिखटाने मूळची चव मरते, हा आक्षेप मसाला नुसता वरून थापला असेल तिथे खरा आहे. नीट मुरलेल्या क्रॉफिशमध्ये मांसाची गोडी आणि तिखट दोन्ही वेगवेगळे कळतात. आच जास्त झाली तर मांस कवचाला चिकटतं. म्हणून आचाऱ्याची परीक्षा खाणाऱ्याच्या बोटांवर होते: डोकं पिळून वेगळं केलं, कवचाची पहिली एक-दोन कडी काढली, शेपटीचं टोक दाबलं, आणि मांस अखंड बाहेर आलं, तर तो उत्तीर्ण. डोक्यातला पिवळा, चरबीसारखा भाग चोखून खातात. यकृताचं काम करणारा तो अवयव चवीने सर्वांत दाट. कोकणात कुर्लीची नांगी फोडून रस ओढणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मोठा आक्षेप पैशाचा आहे. क्रॉफिश वजनावर विकतात आणि त्यात शेपटीचं मांस जेमतेम 15 टक्के. किलोभर घेतलं तर दीडशे ग्रॅम पोटात जातं, बाकी कवचाचा ढीग. पैसेही द्यायचे आणि राबायचंही, हा कसला व्यवहार? पण त्याच मेनूवरचं एतूफे पाहा. कांदा, सिमला मिरची, सेलरी आणि लोण्याच्या दाट रश्शात सोललेल्या शेपट्या, खाली भात. तिथे कुणी काही सोलत नाही, कारण दुसऱ्या कुणी आधीच सोललेलं असतं. लुईझियानातल्या सोलाई केंद्रांत हे काम करायला हंगामी परवान्यावर मेक्सिकोहून मजूर येतात, त्यांत बायका बऱ्याच. शिवाय गोठवलेलं सोललेलं मांस चीनमधूनही येतं. 1997पासून अमेरिकेने त्यावर डंपिंगविरोधी शुल्क लावलेलं आहे. परदेशी क्रॉफिश वाढत असेल तर ग्राहकाला तसं कळवणं लुईझियानात रेस्तराँवर बंधनकारक आहे. एतूफे वाईट नाही, उत्तमच आहे. पण त्यातली मेहनत खाणाऱ्याला दिसत नाही. ट्रेमध्ये ती स्वतःच्या बोटांनी मोजावी लागते.

भावाचंही तसंच. मेनूवर आकडा नसतो, त्या दिवसाचा बाजारभाव विचारावा लागतो. हा भाव शेतात ठरतो, कारण क्रॉफिश बऱ्याच ठिकाणी भातशेतातच वाढवतात: भात कापल्यावर तीच खाचरं शरद ऋतूत पाण्याने भरतात आणि बिळांतले क्रॉफिश पिलांसह बाहेर येतात. 2023च्या उन्हाळ्यात कडक दुष्काळ पडला, बिळांतली ओल गेली, आणि 2024च्या हंगामात माल इतका घटला की भाव फार चढले. मार्चमध्ये गव्हर्नरांनी आपत्ती जाहीर केली. त्या वर्षी अनेकांनी ट्रे मागवलाच नसेल. गैरसोय खरीच, पण शेतात काय झालं हे गिऱ्हाइकाला कळण्याची दुसरी इतकी थेट वाट मला दिसत नाही.

हा मूळचा केजन घरांच्या अंगणातला बेत, हॉटेलात तो नकली होतो, असंही म्हणतात.  अंगणातल्या मेळाव्याची आपुलकी विकत मिळत नाही, हे मान्य. पण कामाची वाटणी मात्र विकत मिळते, आणि ती दूरवरही तग धरते. ह्यूस्टनमधल्या व्हिएतनामी रेस्तराँवाल्यांनी उकडलेल्या क्रॉफिशवर लसूण घातलेलं लोणी ओतायला सुरुवात केली. जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. मला मात्र ते याच परंपरेतलं वाटतं, कारण लोणी ओतलं जातं कवचावर, आणि कवच काढायचं काम अजून खाणाऱ्याकडेच आहे.