खाऱ्या वाऱ्यातला चाकू

शहाळे तासणारा कोयता, मासळीची विळी आणि खिशातला घडीचा चाकू ही हत्यारे मालवणच्या किनाऱ्यावर घरोघर सापडतील. त्यांतला चाकू सर्वांत लहान, आणि घेताना सर्वांत कमी विचार होतो तोही त्याचाच. आम्ही कामगार संघटनेत वावरणारे. श्रमिकाचे भांडवल म्हणजे त्याची दहा बोटे. म्हणून या हत्याराविषयी चार शब्द.

घडीचे चाकू दोन तऱ्हांचे. एकात पाते केवळ पाठीच्या कमानीच्या दाबाने उघडे राहते. आंबा चिरायला तो पुरे; पण जोराने टोचताना पाते उलटून बोटांवर मिटू शकते. दुसऱ्यात उघडलेले पाते खटक्याने अडकते. फ्रान्समधील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली केलेल्या साध्या लाकडी मुठीच्या चाकूलाही १९५५ साली पाते अडकवणारी फिरती कडी बसवण्यात आली. होडीवर ओल्या हातांनी दोर कापणाऱ्याने खटक्याचाच चाकू घ्यावा.

आता पोलाद. साधे पोलाद चटकन धार घेते. पण खाऱ्या हवेत त्यावर तितक्याच चटकन तांबेरे चढते. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रेअरली यांनी क्रोमियमयुक्त स्टेनलेस पोलाद तयार केले. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असले, की पात्यावर एक अदृश्य थर बसतो व ओरखडा गेल्यास प्राणवायूने पुन्हा भरून येतो. मात्र मिठातले क्लोराइड हा थर फोडते आणि बारीक खड्डे पाडते. तेव्हा हे पोलाद गंजत नाही असे नव्हे. ते उशिरा गंजते, इतकेच. आमच्या मते होडीवर स्टेनलेस, घरी साधे.

काम संपताच चाकू गोड्या पाण्याने धुवावा, पुसावा आणि उघडा ठेवून वाळवावा. पात्याला खोबरेल चोळावे, सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावे. जवसाचे तेल वाळून चिकटते. ते वापरू नये.

धार ओल्या निसण्यावर, पाते सुमारे वीस अंशांत कलते धरून लावावी. सुक्या फिरत्या चाकावरच्या ठिणग्या पाहायला बऱ्या. पण पाते तापते. तापलेले पोलाद झटकन थंड करून कठीण करणे म्हणजे त्याला पाणी देणे. मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. चाकावर धारेला निळी झाक आली, तर तेथली उष्णता तीनशे अंशांच्या आसपास गेली आणि पाणी उतरू लागले असे समजावे. मऊ झालेला तेवढा भाग झिजवून काढल्यावाचून धार टिकत नाही.

बोथट चाकूला जोर अधिक लागतो, आणि जोराचा चाकू निसटतो. म्हणून कामाच्या जागी निसणा आणि गोडे पाणी मागणे ही क्षुल्लक मागणी नव्हे. हत्यार धन्याचे असो वा आपले, बोट आपलेच असते.