टचलेस कार वॉश : यंत्राआधी पाण्याचा हिशेब

कार वॉशचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या आपल्या सभासद कुटुंबांतील तरुणांसाठी ही थोडी माहिती.

टचलेस यंत्रात ब्रश नसतो. आधी मारलेला फेस मळ सैल करतो आणि जास्त दाबाचे पाणी तो धुऊन काढते. ब्रशचे ओरखडे पडत नाहीत, पण पाणी सहसा जास्त लागते. पावसाळ्यात चाकांवर बसलेली तांबडी माती नुसत्या फवाऱ्याने पुरती निघत नाही. आधी प्रेशर गन मारायला माणूस लागतोच. त्याचा पगार खर्चात धरा.

बेळगावला पाणी येते राकसकोप आणि हिडकलहून. उन्हाळ्यातली टंचाई आपण जाणतोच. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली, दंड ५००० रुपये. म्हणून पाणी गाळून परत वापरणारी व्यवस्था यंत्राबरोबरच घ्यावी. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्यास काचेवर पांढरे डाग राहतात. आधी पाणी तपासून घ्या.

विक्रेत्याला विचारा : एका गाडीला किती लिटर पाणी? त्यातले परत किती वापरता येते? थ्री फेज भार किती? बिघाड झाल्यास माणूस किती दिवसांत येतो? उत्तरे लेखी घ्या, मगच आगाऊ रक्कम द्या.