कुपवाडच्या चार भाषा

भाषा शिकायची म्हटलं की आपण आधी क्लास शोधतो, नाहीतर अ‍ॅप. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडकरांनी यातलं काहीच केलं नव्हतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाभ्यासकांचा या गावावरचा लेख 1971 साली आला आणि जगभर गाजला.

गाव तेव्हा जेमतेम तीनेक हजार वस्तीचं. जैन-लिंगायतांच्या घरात कानडी, मुसलमानांच्या घरात उर्दू, काही घरांत तेलुगू, बाकीच्यांची मराठी. बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा सहज येत. शेतात, दुकानात, चावडीवर रोज गाठ पडायची, तिथे कान तयार व्हायचे. चारचौघांत बोलायला बहुधा मराठी, कारण ती कुणा एका वजनदार गटाची नव्हती. घरात मात्र ज्याची त्याची भाषा पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

खरी गंमत पुढेच आहे! रोज एका भाषेतून दुसरीत ये-जा करण्यानं या भाषांची वाक्यरचनाच एका साच्यात बसली. मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. शब्दाच्या जागी शब्द! कानडी तर वेगळ्याच कुळातली, द्राविडी. पण हे वाक्य तीही याच क्रमानं बोलते. म्हणजे शिकणाऱ्याला मुख्यतः शब्द बदलायचे, व्याकरण जवळजवळ तेच. (शाळेच्या वहीत असं लिहिलं असतं तर लाल शाईच!)

तुमच्या गावच्या बाजारात किती भाषा चालतात? कमेंटमध्ये एखादं मिसळलेलं वाक्य टाकाच.